रीलोडिंग प्रेस अडकला, हलला, गंजला की काय बघायचं

आमच्याकडं ह्यूस्टनला गॅरेज म्हणजे गाडी सोडून बाकी सगळं ठेवायची जागा. माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात बरीच वर्षं एक रीलोडिंग प्रेस आहे, म्हणजे उडालेल्या गोळीचं रिकामं कवच घरी पुन्हा भरायचं हँडलवालं यंत्र. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ मिळवलं त्या दिवशी कोल्हापूरच्या आत्याचा फोन आला, "अरे तू पण गोळ्या घरीच भरतोस ना, मग तो पण भरत असेल का रे?" नाही गं आत्या, तो मारतो ती .२२ रिमफायर, तिचा पेटणारा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो, एकदा उडाली की पितळ टाकूनच द्यायचं. पुन्हा भरता येते ती सेंटरफायर, जिच्या बुडाला मधोमध वेगळा प्राइमर बसवलेला असतो, जुना काढला की नवा बसतो. आणि हो, केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत, गोळीचं रिकामं पितळी कवच. इकडं सगळे त्याला नुसतं ब्रास म्हणतात.

आधी कायद्याचं दोन ओळीत, कारण मला मेसेज येतात त्यातले निम्मे याच्यावरच असतात. भारतात बसून वाचत असाल तर नुसतं वाचा, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे लायसनशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, घरी हौस म्हणून वगैरे काही चालत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल लायसन लागत नाही, विकायला भरलं तर लागतं, भले शेजाऱ्याला का विकेना. पण आपल्या लोकांना जी गोष्ट माहीत नसते ती वेगळीच, एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन असल्या व्हिसावर असाल तर बंदूकच काय, गोळ्या जवळ ठेवायलाही फेडरल कायद्यानं मनाई आहे, वैध शिकारीचं लायसन असले काही अपवाद आहेत तेवढे सोडून. ग्रीन कार्ड आलं की ही अडचण जाते, तरी आपल्या राज्याचा नियम बघायचाच. मित्राच्या गॅरेजमध्ये "जरा हँडल मारून बघतो" म्हणण्याआधी हे डोक्यात ठेवा.

आता प्रेस. आपला शेवेचा सोऱ्या डोळ्यासमोर आणा, हँडलवाला. प्रेसमध्ये तेच आहे पण उलटं, खालून रॅम नावाचा गुळगुळीत लोखंडी दांडा वर येतो, त्याच्या टोकाला शेलहोल्डर, त्यात ब्रास उभं करायचं, वर फ्रेममध्ये आट्यांनी डाय, म्हणजे पोकळ साचा, बसवलेली, हँडल खाली ओढलं की ब्रास डायमध्ये शिरतं. सिंगल स्टेज प्रेसवर एका वेळी एकच काम होतं, प्रोग्रेसिव्हवर गोल शेलप्लेट फिरते आणि दर हँडलला चार-पाच कामं एकदम होतात. नवीन असाल तर सिंगल स्टेजच घ्या, यावर माझ्याशी वाद घालू नका. सोऱ्यात पीठ कोरडं झालं की आई काय म्हणायची, "जोर लावू नकोस, मोडेल, काढ आणि पाणी लाव". प्रेसचंही तेच. नेहमीपेक्षा जास्त जोर लागायला लागला की थांबायचं. माझ्याकडून जे काही मोडलंय ते सगळं "बघू जरा अजून दाबून" म्हणून मोडलंय.

पहिली स्टेप, कुठलीही दुरुस्ती करायच्या आधी टेबलावरची पावडर (म्हणजे बंदुकीची दारू) आणि प्राइमर उचलून लांब ठेवा. प्रेसच्या प्राइमर ट्यूबमध्ये किंवा ट्रेमध्ये राहिलेले पण काढा. चष्मा लावा, म्हणजे वाचायचा नाही, सेफ्टीचा. प्राइमर एवढासा दिसतो, मसुरीच्या डाळीएवढा, पण तो दणक्यानंच पेटायला बनवलाय आणि ट्यूबमध्ये एक उडाला की बाकीचेही उडू शकतात.

दुसरी स्टेप, प्रेस हलतोय का बघा. नव्या माणसाचे निम्मे प्रॉब्लेम इथंच असतात. फ्रेमवर एक हात ठेवायचा, दुसऱ्या हातानं हँडल मारायचं आणि टेबल आणि प्रेसचं बूड जिथं चिकटतं तिथं नजर ठेवायची. फट उघडझाप करत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा टेबलाची फळी लवतेय. मी सुरुवातीला पार्टिकल बोर्डाच्या टेबलावर बसवला होता, दोन महिन्यांत बोल्ट फळीत रुतून बसले, खाली मोठं वायसर नाही काही नाही. आता खालून लोखंडी पट्टी घातलीय आणि टेबल भिंतीला पकडलंय. प्रेस हलला की रोज सेटिंग बदलल्यासारखं वाटतं आणि माणूस उगाच डाय फिरवत बसतो.

तिसरी, साफसफाई आणि तेल. ब्रासमधून जुना प्राइमर बाहेर पडतो तेव्हा त्याच्याबरोबर काळी बारीक राख पडते, ती थेट रॅमवर बसते, आणि रॅमवर तुम्ही छान भरपूर तेल ओतलेलं असलं तर दोन्ही मिळून पॉलिशची पेस्टच तयार होते. मग रॅम आणि फ्रेम दोन्ही झिजतात आणि रॅम आडवा हलायला लागतो. म्हणून तेल थोडं. रॅम पूर्ण वर आणा, चिंधीनं पुसा, राख चिकटली असेल तर चिंधीला थोडं सॉल्व्हंट, मग हलक्या तेलाचे दोन थेंब बोटानं सगळीकडं फिरवा, हँडल पाच-सहा वेळा वरखाली करा आणि जास्तीचं परत पुसून टाका. आजीच्या शिलाई मशीनला जसं थेंब थेंब सोडायचो तसं. हँडल आणि रॅम जोडणाऱ्या खालच्या लिंकेजच्या पिनांना पण एकेक थेंब, काही प्रेसना तिथं ग्रीसची निप्पल असते त्यांना ग्रीस. शेलहोल्डर ज्या खाचेत बसतो ती खाच जुन्या टूथब्रशनं साफ करा, तिथं एखादा पावडरचा दाणा जरी अडकला तरी शेलहोल्डर तिरका बसतो. आणि तेलाचा हात प्राइमरला लावायचा नाही, तेल आत गेलं तर तो ऐनवेळी पेटणार नाही.

ह्यूस्टनची हवा म्हणजे जुलैतलं कोकण, फक्त बाराही महिने. महिनाभर हात लावला नाही तर रॅमवर तांबूस ठिपके येतात. बारीक स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हातानं घासलं की जातात, सँडपेपर लावू नका, रॅमचं माप जाईल. डायांना पण तेलाचा हात देऊन डब्यात ठेवा, आणि वापरायच्या आधी आतून कोरडं पुसून घ्या.

चौथी स्टेप डाय बसवायची. जवळजवळ सगळ्या कंपन्यांच्या डायचे आटे एकाच मापाचे, ७/८ इंच व्यास आणि इंचाला १४ आटे, म्हणून एका कंपनीची डाय दुसऱ्याच्या प्रेसवर बसते. याचा हिशोब असा, एक पूर्ण फेरा म्हणजे १/१४ इंच, साधारण ०.०७१. आठवा हिस्सा फिरवलं तर ०.००९ इंच. म्हणजे नखभर फिरवलेलं पण मोजण्यासारखं असतं, हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझे बरेच संध्याकाळचे तास वाचले असते. बाटलीच्या मानेसारखी रायफल केस असेल तर रॅम पूर्ण वर घ्या, सायझिंग डाय (ब्रास दाबून परत मापात आणणारी) खाली फिरवत शेलहोल्डरला टेकवा, रॅम खाली करा, अजून आठवा ते पाव फेरा द्या आणि डाय जागेवर धरणारी लॉक रिंग आवळा. ही फक्त सुरुवात, खरं माप केस गेजनं (केसचं माप तपासायचा साचा) किंवा बंदुकीच्या चेंबरप्रमाणे, म्हणजे गोळी बसते त्या जागेप्रमाणे, बघून ठरवायचं. पिस्तुलाची कार्बाइड डाय असेल तर मात्र शेलहोल्डर तिच्यावर आपटू द्यायचा नाही, कागदाएवढी फट ठेवा, कार्बाइडची रिंग काचेसारखी ठिसूळ असते, तडकते.

आता रायफलच्या डायसाठी एक बघायची गोष्ट. ल्यूब (केसला लावायचं वंगण) लावलेलं ब्रास आत घालून हँडल पूर्ण दाबून धरा आणि मागून टॉर्च मारून शेलहोल्डर आणि डाय यांच्यामधे डोळा लावा. रिकाम्या प्रेसवर दोन्ही टेकलेले दिसतात पण ब्रास आत असताना फ्रेम एवढीशी ताणते आणि उजेडाची बारीक रेघ दिसते. ती रेघ दिसते म्हणजे ब्रास पूर्ण आत जातच नाहीये, सेटिंग बरोबर आहे असं तुम्हाला वाटत असतं एवढंच. अजून थोडी डाय खाली घ्या.

काही कंपन्यांच्या लॉक रिंगला बाजूनं स्क्रू असतो तो थेट डायच्या आट्यांवर बसतो आणि जोरात आवळला तर आटे चेपतात. मी भोसरीला टूल रूममधे दोन वर्षं काढली होती तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, नेमबाजीच्या रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या काकांनी सांगितलं, स्क्रूच्या भोकात शिशाचा एक छर्रा टाक मग स्क्रू लाव. शिसं मऊ, ते चेपतं, आटे वाचतात. एकदा रिंग पक्की झाली की डाय काढून परत लावली तरी सेटिंग तिथंच.

ब्रास अडकलं. हे प्रत्येकाच्या नशिबी एकदा आहेच. कारण एकच, केसाला तेल लावायला विसरलात. (हा विनोद इकडच्या मराठी मंडळात प्रत्येकाला ऐकवून झालाय, आता कोणी हसत नाही.) रायफलच्या बाटलीछाप केसला ल्यूब लावल्याशिवाय सायझिंग डायमध्ये घालायचंच नाही, पिस्तुलाच्या सरळ केसला कार्बाइड डाय असेल तर ल्यूबशिवाय चालतं. माझं झालं असं की .३०८ रायफलचे पन्नास-साठ पीस करत होतो, बायकोनं चहाला हाक मारली, परत आलो आणि ट्रेमधला पुढचा पीस उचलला तो ल्यूब न लावलेल्या बाजूचा. अर्ध्यात हँडल जड झालं, मी म्हटलं थोडंच राहिलंय, रेटलं. आत गेलं. खाली ओढताना कडक असा आवाज आला आणि शेलहोल्डरनं केसची कड फाडून आणली, ब्रास डायमध्येच.

तर असं झालं की हातोडी घेऊ नका. डाय प्रेसमधून काढा. वरचा डिकॅपिंग रॉड (जुना प्राइमर पिननं ढकलून काढणारा) जितका सैल होईल तितका करून वर सरकवा, म्हणजे पिनवर ड्रिल आदळणार नाही. जुना प्राइमर बाहेर पडलाय ना हे डोळ्यांनी बघा, भोक रिकामं दिसलं पाहिजे, आत जिवंत प्राइमर असेल तर ड्रिल अजिबात लावायचं नाही, त्या डायचं काय करायचं ते कंपनीला फोन करून विचारा. रिकामं असेल तर केसच्या बुडात मधोमध ७ नंबरच्या ड्रिलनं भोक पाडा, १/४-२० च्या (पाव इंच, इंचाला २० आटे) टॅपनं आटे मारा, टॅप अर्धा फेरा पुढं पाव मागं करत, पितळ मऊ असतं पण किस अडकला की टॅप मोडतो. मग केसच्या बुडाभोवती, डायच्या तोंडावर टेकेल अशी एक पोकळ नळी किंवा मोठा नट ठेवायचा, त्यावर वायसर, त्यातून १/४-२० चा बोल्ट आत घालून पान्यानं हळूहळू आवळायचा. बोल्ट ब्रासला बाहेर खेचत येतो, "पच्" आवाज करून सुटतं. याचं तयार किट पण मिळतं, पण आपल्या माणसाला नट-बोल्ट शोधण्यात जास्त मजा येते. सुटल्यावर डाय आतून साफ करा आणि उजेडात धरून ओरखडे बघा, पितळ चिकटून राहिलं असेल तर पुढच्या प्रत्येक केसवर उभी रेघ येत राहील.

ल्यूब जास्त झालं तरी दुखणं आहेच, केसच्या खांद्यावर, म्हणजे मान सुरू होते तिथं, छोटे खळगे पडतात, तेल आत दाबलं जाऊन पितळाला चेपतं. छोटा खळगा असेल तर फारसं बिघडत नाही, मोठा असेल तर पीस फेकून द्या. आणि हँडल वर सोडताना चीं चीं आवाज आला तर मानेच्या आतून कोरडं आहे, मान आतून ब्रशनं साफ करून तिथं कोरडं ग्रॅफाइट किंवा जरासं ल्यूब लावा.

डिकॅपिंग पिन वाकली किंवा तुटली तर आधी ब्रासमध्ये टॉर्च मारा. आत मधोमध एक भोक दिसलं तर ते बॉक्सर पद्धतीचं, बाजूला दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन पद्धतीचं, त्याच्यात आपली पिन जाणारच नाही, तुटणारच. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि त्याची पद्धत अमेरिकेत रुजली, बर्डन अमेरिकन आणि त्याची युरोपात. रेंजवरून उचलून आणलेल्या ब्रासमध्ये बर्डन हमखास मिसळलेलं असतं. कधी आत खडा असतो, कधी ९ एमएमच्या आत .२२ चं पितळ घुसलेलं असतं, म्हणून भरायच्या आधी ब्रास निवडायचं, तांदूळ निवडतो तसं ताटात पसरून. जास्तीच्या दोन पिना डब्यात ठेवा, रविवारी संध्याकाळीच तुटतात.

प्राइमर बसत नाही. इथं सगळ्यात जास्त सांभाळायचं, कारण जिवंत वस्तूवर दाब देताय. हातानं नेहमीपेक्षा कडक लागलं की सोडा, ब्रास काढा, बघा. पॉकेटमध्ये, म्हणजे प्राइमर बसतो त्या खळग्यात, काळा कार्बन साचलाय का, असेल तर खरवडा. लष्करी ब्रास आहे का, त्यांच्या प्राइमरभोवती दाबून केलेली एक कड असते, जुना निघतो पण नवा जात नाही, ती कड आधी कापणाऱ्या रीमरनं किंवा दाबणाऱ्या स्वेजरनं काढावी लागते. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या गोळीत तर दोन मापाची पॉकेट फिरतात, मोठी आणि छोटी, बाहेरून ब्रास सारखंच, आणि मोठा प्राइमर छोट्या पॉकेटात दाबला तर काय होऊ शकतं ते सांगायला नको. बसल्यावर प्राइमर केसच्या बुडाच्या जरासा आत हवा, ०.००३ ते ०.००५ इंच. मोजायला जाऊ नका, बोटाचं टोक फिरवा, उंचवटा लागला तर तो पीस बाजूला. वर राहिलेला प्राइमर सेमी-ऑटोमध्ये बोल्ट बंद होतानाच उडू शकतो. आणि अर्धवट बसलेला प्राइमर पावडर भरल्यानंतर परत दाबायचा नाही, कधीच नाही.

गोळ्यांची लांबी कमी-जास्त येते. समजा सकाळी सेट केली आणि शंभरावी मोजली तर छोटी निघाली. डाय सरकली असेल असं वाटतं पण बऱ्याचदा सीटिंग डायच्या (केसच्या तोंडात बुलेट, म्हणजे उडून जाणारं टोक, बसवणारी डाय) आतल्या दांड्याच्या वाटीत शिसं आणि बुलेटचं मेण साचत जातं, वाटी भरली की बुलेट खोल बसते. दांडा काढून सॉल्व्हंटमध्ये ठेवा आणि कापसाच्या काडीनं कोरा, काळी पपडी बाहेर येईल. ९ एमएम सारख्या छोट्या केसमध्ये बुलेट खोल बसली की आतली जागा कमी होते आणि प्रेशर वाढतं, हे दिसायचं कारण नाही, म्हणून दर वीस-पंचवीस पीसमागं कॅलिपर लावा. एक लांब एक आखूड असं उलटसुलट येत असेल तर दांड्याचा आकार बुलेटच्या नाकाला जुळत नाहीये, किंवा प्रोग्रेसिव्हवर शेलप्लेट ढिली आहे.

प्रोग्रेसिव्हबद्दल थोडंच सांगतो कारण तो वेगळा विषय आहे. शेलप्लेटचा मधला बोल्ट ढिला होतो, दर वेळी सुरू करण्याआधी बघा. जास्त आवळला तर प्लेट अडकते, थोडा मागं घेऊन छोट्या सेट स्क्रूनं पक्का करा. प्लेटवर पावडर सांडत असेल तर बहुधा तुमचा हात झटके देतोय. प्राइमरची सरकपट्टी अडखळत असेल तर तिच्याखाली दाणे आहेत, कोरड्या ब्रशनं साफ करा, तिथं तेल नको. आणि मधेच काही अडलं तर प्लेटवरची सगळी ब्रास काढून बाजूला ठेवा, कुठल्यात पावडर पडली कुठल्यात नाही याचा अंदाज करू नका. पिस्तुलाच्या केसमध्ये बऱ्याचदा दुप्पट पावडर पण मावते, बाहेरून काही कळत नाही, आणि बंदुकीचे तुकडे होतात. पावडर नाहीच पडली तर बुलेट नळीत मधेच अडकते आणि मागून दुसरी मारली की परत तेच. प्रत्येक केसमध्ये टॉर्चनं बघायचं, बुलेट ठेवायच्या आधी. पावडर किती ते छापील मॅन्युअलमधून घ्या, माझ्याकडून नाही, कुणाच्या मेसेजमधून तर मुळीच नाही.

उठताना पावडर मेजरमधली (पावडर मोजून टाकणारं साधन) पावडर तिच्याच मूळ डब्यात परत ओता. रात्रभर प्लास्टिकच्या नळकांड्यात राहिली की प्लास्टिक पिवळं पडतं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी ती कुठली होती हे आठवत नाही. आठवत नसेल तर ती वापरायची नाही, दुसऱ्या डब्यात तर ओतायचीच नाही. प्राइमर त्यांच्या खोक्यात. वापरलेल्या प्राइमरची राख झाडूनं उडवू नका, ओल्या कागदानं पुसून घ्या, त्यात शिसं असतं. गॅरेजमध्ये चहा नाही, फरसाण नाही, आणि घरात शिरल्यावर आधी साबणानं हात कोपरापर्यंत, मग पोरांना उचलायचं.